फोटोंच्या नावापुढं चार अक्षरं लागली: स्टॉप-डीजेव्हीयू रॅन्समवेअर ओळखायचं कसं, आणि त्यातून काय वाचतं

प्रश्न तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या एका दादांचा आहे. रात्री अल्बम डिझाइनसाठी एका सॉफ्टवेअरचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालवायची चोरटी प्रत, उतरवलं. सकाळी पाहिलं तर सगळ्या फोटोंच्या आणि व्हिडिओंच्या नावापुढं चार इंग्रजी अक्षरं लागलेली, काहीच उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाईल आहे आणि तिच्यात ९८० डॉलर मागितलेत. ७२ तासांत दिले तर ४९०. विंडोज मात्र नीट चालतंय. हा कोणता व्हायरस, फोटो परत मिळतील का, आणि कॉम्प्युटरवाला फॉरमॅट मारा म्हणतोय तर मारू का?

दादा, फॉरमॅट मारू नका. आधी नेट बंद करा, मशीन बंद करा आणि ती डिस्क बाहेर काढून बाजूला ठेवा. बॅकअपची दुसरी डिस्क किंवा पेनड्राइव्ह त्या मशीनला चुकूनही लावू नका. हे मी एवढं जोर देऊन सांगतो त्याला कारण आहे. मागे एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होतो आणि ते म्हणाले, "थांबा, बॅकअप शाबूत आहे का बघतो." मी नको म्हणेपर्यंत त्यांनी डिस्क जोडली होती. सात-आठ मिनिटांनी त्या डिस्कवरच्या फायलींनाही तीच चार अक्षरं लागली. हा व्हायरस विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘टाइम ट्रिगर टास्क’ नावाचं काम लावून ठेवतो आणि ते दर पाच मिनिटांनी त्याला पुन्हा जागं करतं. नवीन काही जोडलेलं दिसलं की तो तेही गिळतो. सकाळी सगळं शांत दिसतं म्हणून तो निघून गेला असं समजू नका.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून हा रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस आहे आणि तो स्टॉप-डीजेव्हीयू कुळातला आहे, असं मी बऱ्याच खात्रीनं म्हणू शकतो. तरी खात्री स्वतः करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. नुसत्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे नावाला लागलेल्या त्या अक्षरांवर, जाऊ नका. सुरुवातीच्या प्रकारात ‘स्टॉप’ हे एक्स्टेन्शन लागायचं, डिसेंबर २०१८ पासून ‘डीजेव्हीयू’ आलं, आणि त्यानंतर शेकडो येऊन गेली: रुंबा, गेरो, हेसे, मोका, टोपी, आल्का. अक्षरं बदलत राहतात, आतला सांगाडा तोच राहतो.

खूण त्या पैसे मागणाऱ्या चिठ्ठीत, म्हणजे फोल्डरमधल्या टेक्स्ट फाईलमध्ये असते. फाईलचं नाव ‘रीडमी’, त्याच्या आधी एक अंडरस्कोर. मजकुराची सुरुवात ‘अटेन्शन’ या शब्दानं, आणि पुढं काळजी करू नका, सगळ्या फायली परत मिळतील असा दिलासा. रक्कम तुम्ही लिहिलीत तीच, ९८० आणि ४९०. नंतरच्या काही प्रकारांत ९९९ आणि ४९९. एक फाईल फुकट उघडून दाखवू, अशी ऑफरही असते. ही ऑफर लक्षात ठेवा, पुढं तिच्याविषयी बोलायचं आहे. चिठ्ठीच्या तळाशी ‘पर्सनल आयडी’ म्हणून एक लांबलचक अक्षरमाळ असते. तिचे पहिले चार आकडे या व्हायरसच्या आवृत्तीचा क्रमांक असतात. सी ड्राइव्हवर ‘सिस्टमआयडी’ नावाचं फोल्डर सापडेल आणि त्यात ‘पर्सनलआयडी’ ही टेक्स्ट फाईल. ती दिसली की बहुतेक शंका मिटते.

त्याहूनही पक्की परीक्षा हवी असेल तर बिघडलेली एक पीडीएफ दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलची एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडा. फुकट मिळणारा कुठलाही चालेल. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह, पी, डी, एफ आणि एक आडवी रेघ अशा पाच अक्षरांनी होते. डीजेव्हीयूनं मारलेल्या फाईलमध्ये ही पाचही अक्षरं जशीच्या तशी दिसतात आणि सहाव्या जागेपासून नुसता कचरा सुरू होतो. पहिली पाच बाइट सोडायची आणि तिथून पुढं साधारण १५० केबी, नेमकं सांगायचं तर १,५३,६०० बाइट, एनक्रिप्ट करायची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशी करायची, ही याची पद्धत. आता खाली सरकत जा. फाईल मोठी असेल तर १५० केबीच्या पलीकडं मूळ मजकूर शाबूत सापडतो. अगदी तळाशी जा: तिथं महिरपी कंसात ‘३६ए६९८बी९’ ने सुरू होणारा ३८ अक्षरांचा शिक्का असतो आणि त्याच्या आधी तुमचा आयडी. कॅमेऱ्याच्या कार्डावर त्याच फोटोची मूळ प्रत असेल तर दोन्हींचा आकार ताडून पाहा. नव्या प्रकारात बिघडलेली फाईल बरोबर ३३४ बाइटनी मोठी असते: २५६ बाइटची कुलूपबंद किल्ली, ४० चा आयडी आणि ३८ चा शिक्का. इतकं जुळलं की हा दुसरा कुणी असूच शकत नाही. हे हाताळायला जड वाटलं तर रॅन्समवेअरचे अभ्यासक मायकल गिलेस्पी यांनी उभी केलेली ‘आयडी रॅन्समवेअर’ ही फुकट सेवा आहे; चिठ्ठी आणि एक बिघडलेली फाईल तिथं चढवली की कूळ कळतं.

आता हा काम कसं करतो ते सांगतो, कारण ‘परत मिळेल का’ याचं उत्तर त्यातच आहे. क्रॅकच्या साइटवर ‘चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलेलं असतं आणि फाईल पासवर्ड लावलेल्या झिप किंवा रारमध्ये येते. तो पासवर्ड अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून लावलेला असतो. फाईल चालवली की हा आधी तुमचा आयपी कुठल्या देशातला ते विचारतो. रशिया, बेलारूस, युक्रेन, कझाकस्तान, उझबेकिस्तान असे काही देश आणि सीरिया असेल तर निघून जातो. भारत त्या यादीत नाही. मग स्वतःची एक प्रत तुमच्या युजर फोल्डरमध्ये लपवतो आणि ते फोल्डर डिलीट होऊ नये म्हणून परवानग्या बदलतो. काही प्रकार मदतीच्या साइट्स उघडू नयेत म्हणून विंडोजच्या होस्ट्स फाईलमध्ये त्यांची नावं अडकवून ठेवतात. जुन्या प्रकारांत याच वेळी पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी यायची. टक्केवारी पुढं सरकताना दिसे, माणूस चहाला जाई आणि मागं फायली संपत.

त्यानंतर तो चोरांच्या सर्व्हरला फोन लावतो, असं समजा. तुमच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून तयार केलेली ओळख पाठवतो आणि बदल्यात फक्त तुमच्यासाठीची सार्वजनिक किल्ली, म्हणजे कुलूप लावता येतं पण उघडता येत नाही अशी किल्ली, घेऊन येतो. ही ऑनलाइन किल्ली. सर्व्हर लागला नाही तर स्वतःच्या पोटात आधीपासून असलेली किल्ली वापरतो. ही ऑफलाइन किल्ली, आणि त्या प्रकारानं गाठलेल्या जगातल्या सगळ्या लोकांसाठी ती एकच असते. पुढं प्रत्येक फाईलसाठी नवी गुप्त किल्ली बनते, साल्सा२० या पद्धतीनं फाईल एनक्रिप्ट होते, आणि ती गुप्त किल्ली आरएसए-२०४८ च्या कुलपात घालून फाईलच्या शेवटी चिकटवली जाते. ते कुलूप उघडणारी खासगी किल्ली फक्त चोरांकडे. ही पद्धत ऑगस्ट २०१९ च्या अखेरपासूनची आहे. ते कुलूप ताकदीनं फोडणं आज कुणालाही शक्य नाही, हे स्पष्ट सांगतो. उगाच आशा लावणं मला पटत नाही.

म्हणून चिठ्ठीतल्या आयडीची शेवटची दोन अक्षरं पाहा. लहान लिपीतला टी आणि त्यापुढं १ असा शेवट असेल तर तुमची किल्ली ऑफलाइन आहे आणि आशेला जागा आहे. त्या प्रकाराची खासगी किल्ली मिळाली, बहुतेकदा पैसे भरलेल्या कुणीतरी ती पुढं दिल्यामुळं, की सगळ्यांच्या फायली उघडतात. एम्सिसॉफ्ट कंपनीनं गिलेस्पी यांच्यासोबत ऑक्टोबर २०१९ मध्ये याचं फुकट डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडणारं साधन, काढलं, तेव्हा १४८ प्रकार त्याच्या आवाक्यात होते. त्याच वेळी त्यांनी या एका कुळाचे खात्रीशीर बळी एक लाख सोळा हजार आणि एकूण अंदाज चार लाख साठ हजारांचा दिला होता. मोठ्या कंपन्यांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या होतात. पण हे कूळ जगलं ते घरातल्या आणि छोट्या दुकानांतल्या कॉम्प्युटरवर, तुमच्या-आमच्यासारख्यांच्या जिवावर.

पर्सनलआयडी फाईलमध्ये एकापेक्षा जास्त ओळी आहेत का तेही बघा. आपल्याकडं लाईट जाते, राउटर बंद पडतो, नेट मधेच तुटतं. अशा वेळी काही फायलींना ऑफलाइन आणि काहींना ऑनलाइन किल्ली लागलेली मी पाहिली आहे. पहिली ओळ पाहून हात टेकू नका. डिक्रिप्टर प्रत्येक फाईलचा आयडी वाचून कुठली किल्ली आहे ते सांगतं. मात्र ते चालवायचं ते डिस्कच्या कॉपीवर, मूळ डिस्कवर कधीच नाही.

एखाद्या जुन्या डिस्कवर ऑगस्ट २०१९ च्या आधीचा प्रकार असेल तर तिथं ऑनलाइन आयडी असूनही वाट आहे. त्या प्रकारात ज्या फायलींची पहिली पाच बाइट सारखी, त्यांना एनक्रिप्शनची धार, म्हणजे फाईलमध्ये मिसळली जाणारी आकड्यांची माळही, सारखीच लागायची. त्यामुळं एक बिघडलेली फाईल आणि तिचीच चांगली प्रत, दोन्ही १५० केबीपेक्षा मोठ्या, अशी जोडी दिली की त्या जातीच्या बाकीच्या फायली उघडतात. फोटोंची वेगळी जोडी, पीडीएफची वेगळी. चांगली प्रत कुणाला तरी मेलनं पाठवलेली असते, गिऱ्हाइकाला दिलेल्या पेनड्राइव्हवर असते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून गेलेली चालत नाही, कारण तिथं फोटो दाबून लहान होतो.

समजा तुमचा आयडी ऑनलाइन निघाला. तरीही तुमच्या बाबतीत मी ‘सगळं गेलं’ म्हणणार नाही, कारण तुम्ही फोटोग्राफर आहात आणि तुमच्या फायली मोठ्या आहेत. या व्हायरसला घाई असते म्हणून तो १५० केबीवर थांबतो. जे लहान ते पूर्ण मरतं: बिलं, कोटेशनं, वर्डमधली पत्रं. जे मोठं, त्याचं फक्त डोकं उडतं. लग्नाचा व्हिडिओ चार जीबीचा असेल तर त्याचं नुकसान नगण्य आहे. ५० एमबीपीएसच्या चित्रीकरणात १५० केबी म्हणजे एका सेकंदाचा चाळिसावा भाग. बरेच कॅमेरे आणि मोबाईल एमपी४ फाईलची अनुक्रमणिका शेवटी लिहितात आणि तो शेवट शाबूत असतो. त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून द्यायचा. डिस्कट्यूनाचं ‘मीडिया रिपेअर’ हे फुकट साधन नेमकं या कुळासाठी बनवलेलं आहे, ते सुरुवात नव्यानं जुळवतं. सुरुवातीची एखाद सेकंद जाते, बाकी विधी सगळे दिसतात.

जेपीजी फोटोंना मेहनत जास्त लागते. आठ एमबीच्या फोटोतले १५० केबी म्हणजे जेमतेम दोन टक्के, पण त्या दोन टक्क्यांत फोटो वाचायचे तक्ते असतात, कॅमेऱ्याची माहिती असते, छोटं पूर्वदृश्य असतं आणि चित्राच्या वरच्या काही रांगा असतात. त्याच कॅमेऱ्याच्या, त्याच रेझोल्यूशनच्या आणि त्याच क्वालिटीच्या चांगल्या फोटोचं डोकं कापून इथं बसवावं लागतं. मग फोटो उघडतो, पण वरची पट्टी जाते, चित्र आडवं सरकलेलं असतं आणि रंग भलतेच दिसतात. जेपीजीमध्ये प्रत्येक चौकटीचा उजेड आधीच्या चौकटीशी असलेल्या फरकानं लिहिलेला असतो; पहिली चौकटच हरवली की पुढचे सगळे फरक चुकीच्या आकड्यावर चढतात. ते हातानं सावरता येतं, एकेक फोटो धरून. मी एका आजींचा मुखवट्यासारखा हिरवा पडलेला चेहरा असा दीड तास बसून परत आणला आहे. त्यांच्या घरी त्यांचा तेवढाच एक नीट फोटो होता. सगळे दोन हजार फोटो असे करू नका. घरच्यांना विचारा, कुठले पन्नास हवेतच, आणि त्यांच्यापासून सुरुवात करा. रॉ फायली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फायली, ठेवत असाल तर त्यांच्यात कॅमेऱ्यानं बनवलेली तयार जेपीजी दडलेली असते. ती १५० केबीच्या पलीकडं असेल तर अख्खी बाहेर काढता येते.

झिप फायलींची यादीही शेवटी असते, त्यामुळं मोठ्या झिपमधली पहिली एक-दोन सोडून बाकीच्या फायली बहुधा निघतात. दुकानाचं बिलिंग एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर असेल तर त्याचा डेटा ८ केबीच्या पानांत असतो. १५० केबीत त्यातली पहिली १९ पानं बिघडतात, बाकीच्यांतून नोंदी काढणारे लोक आहेत.

आणि सगळ्यात आधी कॅमेऱ्याची कार्डं गोळा करा. कार्ड फॉरमॅट करून ठेवलेलं असलं तरी त्यावर नवीन शूट झालं नसेल तर ‘फोटोरेक’ या पुसलेल्या फायली शोधणाऱ्या साधनानं जुने फोटो निघण्याची चांगली शक्यता असते. येत्या रविवारच्या लग्नाला नवीन कार्ड घ्या, ही जुनी तशीच राहू द्या. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर मात्र डिलीट झालेलं शोधणारी साधनं इथं फारशी कामाची नाहीत, कारण हा फाईल जागच्या जागी बदलतो. फोटो गूगल ड्राइव्हशी सिंक होत असतील तर वेबवर जाऊन फाईलच्या जुन्या आवृत्त्या आजच पाहा, त्या साधारण ३० दिवसच राहतात.

आता ज्याकडं जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते. हा पाहुणा एकटा येत नाही. याच्यासोबत अझोरल्ट, विडार, रेडलाइन असे पासवर्डचोर आलेले वारंवार सापडले आहेत. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला प्रत्येक पासवर्ड, लॉगिन राहिलेली सत्रं, हे सगळं फायली बंद व्हायच्या आधीच गेलेलं असू शकतं. मोबाईलवरून, त्या मशीनवरून नव्हे, आधी मेलचा पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा, मग बँक, मग इन्स्टाग्राम आणि स्टुडिओचं पेज. फोटो पंधरा दिवसांनी परत मिळाले तरी चालतील, बँकेचं आजच करा.

पैसे भरावेत का? मी भरू नका म्हणतो. हमी कसलीच नाही आणि तोच पैसा पुढचा सापळा लावायला जातो. पण त्याहून जास्त सावध राहा ते मधल्या माणसांपासून. ‘ऑनलाइन आयडीही १०० टक्के उघडून देतो’ अशी जाहिरात करणारे भेटतील. तुम्ही म्हणाल, दाखवा. ते एक फोटो मागतील आणि दुसऱ्या दिवशी तो उघडून देतील. तुमचा विश्वास बसेल. चिठ्ठीतली एक फाईल फुकट उघडण्याची ऑफर आठवा: त्यांनी तुमचा फोटो चोरांकडूनच उघडून आणलेला असू शकतो. पुढं तुमच्याकडून घेतलेल्या रकमेतून चोरांना ४९० डॉलर जातात आणि उरलेले त्यांच्या खिशात. व्हिडिओखालच्या लिंकवरून मिळणारी ‘डिक्रिप्टर’ही नकोत. जून २०२० मध्ये झोराब नावाचं रॅन्समवेअर चक्क डीजेव्हीयूचं डिक्रिप्टर म्हणून वाटलं जात होतं. आधीच पोळलेल्या लोकांनी ते चालवलं आणि त्यांच्या फायलींवर दुसरं कुलूप बसलं. डिक्रिप्टर घ्यायचं ते एम्सिसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून, किंवा युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये काही कंपन्यांसोबत सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’वरून.

तक्रार करा. १९३० वर फोन करा किंवा केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवा. पोलिसांकडून लगेच फोटो मिळणार नाहीत, पण बँकेत पुढं काही घडलं तर आज केलेली नोंद उपयोगी पडेल. क्रॅक वापरलं म्हणून लाजून गप्प बसणारे खूप पाहिले. असेंबल केलेल्या मशीनवर दुकानदारच सगळं ‘टाकून’ देतो आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही, ही आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. तुमच्यावर बोट ठेवायला मी बसलेलो नाही. फक्त यापुढं ज्या मशीनवर लोकांची लग्नं ठेवता त्यावर क्रॅक नको, आणि दोन बॅकअप डिस्क ठेवा, त्यातली एक स्टुडिओबाहेर आणि कॉपी झाली की वायर काढलेली.

नवी डिस्क घेऊन तिच्यावर विंडोज नव्यानं टाका. जुनीचा सेक्टर-टू-सेक्टर क्लोन, म्हणजे हुबेहूब पूर्ण नक्कल, काढा आणि सगळे प्रयोग क्लोनवर करा. आयडी टी१ चा असेल आणि डिक्रिप्टरकडं आज किल्ली नसेल, तर दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चालवून पाहा. वर्षभरानं किल्ली आल्याची उदाहरणं माझ्याकडं आहेत. चिठ्ठी, पर्सनलआयडीची फाईल आणि बिघडलेल्या फायली नावं न बदलता तशाच राहू द्या. शेवटची ३३४ बाइट आहेत तोवरच डिक्रिप्टरनं फाईल उघडायची शक्यता आहे. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घाला आणि वर कागद चिकटवून एक्स्टेन्शनची चार अक्षरं, पूर्ण आयडी आणि तारीख बॉलपेननं लिहून ठेवा.